पेंढा भरलेलं रेडकू

हे कुणी खरं मानणार नाही, असं मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. आजऱ्याच्या चर्चचे पाळक दूध कट्ट्यावर माझ्यासमोर बसले होते. मांडीवर वही, मिशीला दुधाचा फेस. मी म्हणालो, "पाळकसाहेब, या कट्ट्यावर आजवर जेवढ्या थापा मारल्या तेवढ्या लोकांनी खऱ्या मानल्या. ही एकच गोष्ट खरी हाय आणि हीच कुणी मानणार न्हाई."

शेजारी शेंगदाणे सोलत बसलेला बाळासो म्हणाला, "थापा कुणी खऱ्या मानल्या, तात्या?"

"तुझ्या बापानं. राणी म्हशीनं पुरात तीन माणसं शेपटाला धरून काठाला आणली, हे त्यो मरेस्तवर सांगत हुता."

"मागल्या पावसाळ्यात सांगितलं तवा दोनच हुती."

"तिसरा बारीक हुता. तुला दिसला न्हाई."

पाळक हसले. आमच्या कट्ट्याची रीत त्यांना ठाऊक होती. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि धार थेट त्याच्या पेल्यात पडते. माझे गुडघे गेल्यापासून धारेला माझी पुतणी संयोगिता बसते. त्या दिवशीही ती माझ्या पाठीमागं म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसली होती. गोठ्यावरच्या माळ्यात उंदीर झाले म्हणून ती सकाळपासून माळा झाडत होती, केसांत अजून पेंढ्याच्या काड्या होत्या.

गोष्ट तिच्याच बापाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गणपतीची. आई तिची आधीच गेलेली. बाप कळंब्याच्या तुरुंगात गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि तो तिथंच वारला तेव्हा पंधरा वर्षांची. आता एकवीस. एवढ्या वर्षांत तिनं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. "तात्या, त्या बाईनं माफ केलंय, हे माझ्या बाला मरायच्या आदी कळलं हुतं न्हवं?" मी म्हणायचो, "कळलं हुतं." तेवढं ऐकलं की ती कामाला लागायची.

ती बाई म्हणजे बनाबाई. इस्पितळात आया होती, चर्चच्या मागच्या बोळात राहायची. गेल्या बुधवारी तिला मूठमाती दिली. रविवारी तिच्या स्मरणाची उपासना होती, आणि तिथं पाळकांना ही हकिकत सांगायची होती. बनाबाईची बाजू त्यांनी तिच्याच तोंडून ऐकलेली. गणपतीच्या बाजूचं पाहिलेला जिवंत माणूस मी एकटा.

"लिहा," मी म्हणालो. "पंच्याण्णव सालचा दिवाळी पाडवा."

पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवायची, पाठीवरचे केस कातरून नक्षी काढायची, गळ्यात कवड्यांची माळ. मग मालक मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढतो आणि भडाभडा आवाज करत गाडी पुढं पळवतो, आणि म्हैस त्याच्या मागं धावते. फक्त त्याच्याच मागं. शंभर गाड्यांच्या गलक्यात ज्याची म्हैस चुकत नाही तो मर्द, अशी आमच्या पेठेतली समजूत. गणपतीची राणी त्यात तीन वर्षं पहिली होती.

त्या साली पाडव्याआधी महिनाभर गणपतीची राजदूत मोटारसायकल बिघडली. ती दुरुस्तीला होती शमुवेलकडं. शमुवेल म्हणजे बनाबाईचा एकुलता एक पोरगा, उद्यमनगरात गॅरेजात कामाला, बावीस वर्षांचा. गाडी जमली का बघायला तो रोज सकाळी ती आमच्या गोठ्याकडं घेऊन यायचा. येताना खिशात गुळाचा खडा असायचा. राणीला द्यायचा, तिच्या कपाळावर थोपटायचा आणि जायचा. त्यात कसलंच कपट नव्हतं. आम्हालाही बरं वाटायचं, म्हशीला गाडीचा आवाज लागून राहिला म्हणून.

पाडव्याच्या दिवशी गणपतीनं राजदूत पळवली. राणी जागची हलली नाही. तिनं मान वळवली, गर्दीत शिरली, माणसं बाजूला सारत शमुवेलपाशी गेली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात तोंड घातलं.

सगळी पेठ हसली. हसू द्यायला हरकत नव्हती. पण कोणीतरी ओरडलं, "गणप्या, म्हैस बाटली की रं तुझी."

कोण ओरडलं ते मला माहीत आहे. त्याचं नाव मी पाळकांना सांगितलं नाही, बाळासोनंही मान खाली घालून शेंगदाणेच सोलले. त्याचा बाप आता नाही.

गणपती गाडी टाकून परत आला आणि त्यानं हातातली काठी एकदाच मारली. एकदाच. शमुवेल मागं पडला तो म्हशींना पाणी पाजायच्या दगडी कुंडाच्या कडेवर. तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. त्याच इस्पितळात, जिथं त्याच्या आईनं तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं धुतली.

"तुम्हाला तेव्हा काय वाटलं, तात्या?" पाळकांनी विचारलं.

"राग आला."

"गणपतीचा?"

"बनाबाईचा. गणपती आमचा हुता. पोरगं मेलेलं. राग धरायला तीच उरली हुती." यात थाप नव्हती. तिला रस्त्यात पाहिलं की मी बोळ बदलायचो आणि घरी येऊन तिच्या सात पिढ्या काढायचो. तिच्या पोरानं म्हशीला गूळ चारला नसता तर माझा भाऊ आत गेला नसता, हे मी चारचौघांत बोलायचो आणि चारचौघं माना डोलवायचे. पेठेत त्या वेळी मला एकानंही गप बस म्हटलं नाही.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बनाबाई गोठ्याच्या दारात उभी. हातात करंज्यांचा डबा.

"सलाम, आकाराम," ती म्हणाली. ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम करतात. मी वैरण टाकत राहिलो. तिनं डब्यावर एक लहानसं, काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवलं. बायबलातला नवा करार. पहिल्या पानावर शमुवेलचं नाव आणि कडेला त्याच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा.

"मला तुरुंगात मुलाखतीला सोडत न्हाईत," ती म्हणाली. "नातं लागतं म्हणं. हे तू गणपतीला दे. सांग, मी त्याला माफ केलंय. शाप दिलेला न्हाई."

"तुझ्याकडं माफी मागितली कुणी?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर दारात यावं लागलं."

मग ती खाली बसली, शेणात, साडीचा विचार न करता. "मला द्यायची नव्हतीच रं. दोन महिने रोज गुडघे टेकून त्याचं वाईट मागत हुते. त्याचे हात झडू देत म्हणून. मागून झालं की घास गिळायचा न्हाई. शेवटी प्रभूला म्हटलं, हे माझ्याच्यानं हुत न्हाई, माझ्या पोटातलं हे तूच काढ. त्यानं काढलं. सगळं न्हाई अजून. पण जेवते मी आता."

मी तिला चहा दिला, तोही कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्याबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, तिच्यासारख्यांसाठी. तिला ते कळलं. तिनं चहा प्यायला, कप धुतला आणि परत कोनाड्यात ठेवला.

वकिलाला सांगितलं तर तो उडालाच. आमची बाजू अशी की शमुवेल पाय घसरून पडला. त्या बाईची माफी घेतली म्हणजे मारलं हे कबूल केलं, तिच्याकडची सुईसुद्धा आत न्यायची नाही. म्हणून पहिल्या मुलाखतीला मी रिकाम्या हातानं गेलो होतो. गणपती जाळीपलीकडं उभा होता, दोन-अडीच महिन्यांत खांदे उतरलेले. पहिला प्रश्न त्यानं हाच केला, "म्हातारी शाप देत असंल न्हवं मला?" मी गप्प बसलो.

"आणि दुसऱ्या मुलाखतीला?" पाळकांनी पेन टेकवलं.

"दुसऱ्या खेपेला पुस्तक दिलं. वकील गेला खड्ड्यात."

माझ्या मागं कासंडीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्याच थंडीत राणी व्याली आणि आठवड्यात तिचं रेडकू मेलं. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. मग काय करायचं हे पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं. मेलेल्या रेडकाचं कातडं सोडवायचं, मीठ-हळद चोळून वाळवायचं, त्यात पेंढा गच्च भरायचा, चार काठ्यांचे पाय लावून शिवायचं आणि म्हशीपुढं उभं करायचं. म्हैस त्याला चाटते आणि दूध सोडते. माझं रेडकू इतकं हुबेहूब व्हायचं की एकदा शेजारच्या कुत्र्यानं त्याला हाकलून गोठ्यात आणलं.

"पेंढ्याच्या रेडकाला?" बाळासो म्हणाला.

"कुत्रं म्हातारं हुतं."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपून बनाबाई गोठ्यावर आली. राणी रेडकाला चाटत होती, मी धार काढत होतो. बनाबाई बराच वेळ बघत राहिली.

"तिला कळत न्हाई व्हय, आकाराम?"

"कळत असंल की. पण चाटल्याबिगर तिला पान्हा फुटत न्हाई."

"मग चाटू दे तिला," बनाबाई म्हणाली. तिनं पदर सावरला. आणि मग म्हणाली, "सांग. काय म्हणाला गणपती?"

मी सांगितलं. गणपतीनं पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, आईला माझा सलाम सांग. बनाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि गेली.

तेव्हापासून सात वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ती यायची आणि मी सांगायचो. गणपती विणकामाला असतो, मागावर बसून पुस्तक मोठ्यानं वाचतो. आजूबाजूचे कैदी माग थांबवून ऐकतात. कर्नाटकाकडचा एक दरोडेखोर, जो जन्मला तेव्हाही रडला नव्हता, तो एवढा रडला की त्या दिवशी विणलेली सतरंजी आठ दिवस वाळली नाही.

"हे बनाबाईंनी कधी सांगितलं नाही," पाळक म्हणाले.

"तिला जास्त रडारड आवडायची न्हाई. तेवढं गाळलं असंल तिनं."

पाळकांनी वही मिटली. म्हणाले, "तात्या, मी इथं का आलो ते तुम्हाला सांगतो. काजूच्या बांधावरून मी माझ्या सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हतो. मी व्यासपीठावर उभा राहून लोकांना प्रीती शिकवायचो आणि भाऊ समोरून आला की थुंकायचो. नव्व्याण्णवच्या नाताळात बनाबाई आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला आल्या. एवढंच म्हणाल्या, ज्यानं माझं लेकरू मारलं त्याला मी रोज सकाळी पहिल्यांदा आठवते, आणि आता आठवूनही मला जेवण जातं. मी त्याच संध्याकाळी भावाच्या दारात गेलो. त्यानं दार उघडलं नाही. सहा महिने उघडलं नाही. मी जात राहिलो, कारण ती बाई तुमच्या गोठ्यावर जात राहिली होती."

बाळासोनं शेंगदाणे बाजूला ठेवले. थाप सुचली नाही असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

मग मी माझंही सांगितलं. कारण तेही खरं होतं. बनाबाई येऊन नुसती बातमी ऐकून जायची नाही. संयोगिता तेव्हा कुणी विचारत नाही अशी पोर, डोक्यात उवा, शाळेत कुणी शेजारी बसत नाही, खुन्याची पोरगी म्हणून. बनाबाई तिला पुढ्यात घ्यायची आणि फणी फिरवायची. मी एकदा म्हणालो, "आमच्या पोरीला हात लावू नगंस." ती म्हणाली, "बरं." पुढच्या रविवारी पुन्हा फणी घेऊन आली. हात लावला नाही, फणी संयोगिताच्या हातात दिली आणि कसं विंचरायचं ते लांबून सांगत बसली. तासभर. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी काही बोललो असं नाही.

गणपतीला शिक्षा झाली, अपील फेटाळलं गेलं. आणि दोन हजार दोन साली कावीळ होऊन गणपती गेला. पंचगंगेवर दहन केलं. भाऊबंद स्मशानात आले आणि तिथूनच आपापल्या घरी गेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांनी भात-आमटी आणून द्यायची असते. आमच्याकडं कुणी आणली नाही. खुन्याच्या घरचं सुतक. मी आणि पोरगी दिवसभर पाणी पिऊन बसलो.

संध्याकाळी बनाबाई आली. डोक्यावर भाताचं पातेलं, हातात आमटीची चरवी. उंबऱ्याबाहेर थांबली. म्हणाली, "बाहेर ठेवू का?"

मी उठलो, कोनाड्यातला तो कान तुटलेला कप आणला आणि तिच्या देखत त्यात पाणी ओतून प्यायलो. मग तिला आत घेतलं. तिनं वाढलं, आम्ही जेवलो. तिच्या पोराला मारणाऱ्याच्या सुतकाचा भात तिच्या हातचा. पाळकसाहेब, त्या भाताला मीठ कमी होतं, हे मला अजून आठवतं, आणि मी ते तिला सांगू शकलो नाही.

जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "जाताना त्याला शांती हुती का रं?"

मी म्हणालो, "हुती."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राणीला रेडकू चाटताना बघत उभी राहिली होती ना, तसंच. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पातेलं घेऊन गेली. त्यानंतर सहा वर्षं जगली. यायची, बसायची, पण गणपतीचं पुन्हा कधी विचारलं नाही.

"त्याच्या शेवटच्या क्षणाबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?" पाळकांनी हळूच विचारलं. "रविवारी मला तेवढंच नीट सांगायचं आहे."

दोन गिऱ्हाइकं पेले हातात धरून उभी होती. एवढं ऐकणारं माणूस मला कधी मिळालं नव्हतं. मी आवाज खाली आणला.

"पुस्तक छातीवर धरून गेला," मी म्हणालो. "दोन्ही हात त्याच्यावर. सोडवता सोडवेनात. शेवटी तसंच आणलं. शमुवेलचं नाव, तो ग्रीसचा ठसा, सगळं तसंच. मी माझ्या हातानं पुस्तक त्याच्याबरोबर चितेवर ठिवलं. राख पंचगंगेला गेली."

पाळकांनी डोळे पुसले आणि लिहायला लागले.

मागं धार थांबली. संयोगिता उठली. तिनं कासंडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले, चाऱ्याच्या पोत्याखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कट्ट्यावर पाळकांच्या वहीशेजारी उलगडून ठेवलं. मिठानं फुगलेलं, काळ्या पुठ्ठ्याचं लहान पुस्तक. कोपरे उंदरांनी कुरतडलेले, पानापानांत पेंढ्याच्या काड्या. तिनं पहिलं पान उघडलं. अंगठ्याचा ठसा अजून काळा होता.

"तात्या, तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली. "हे कळंब्याला गेलंच न्हाई. आज माळ्यावर राणीचं जुनं रेडकू उसवलं, त्याच्या पोटात निघालं. माझा बा त्या बाईचा शाप हाय असंच समजून मेला."